मोटर नुसती ‘घूं’ करते, चकती फिरत नाही: मोटर बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सात वर्षं वापरलेलं, दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. वॉशचा टायमर फिरवला की खालून ‘घूं’ असा आवाज येतो, पण टबातली चकती जागची हलत नाही. टब रिकामा असताना चकतीला हाताने जरा ढकललं की ती फिरायला लागते. पाणी आणि कपडे भरले की पुन्हा थांबते. स्पिनचा टब मात्र नेहमीसारखा पळतो. बघायला आलेल्या मेकॅनिकने वरवर पाहून ‘मोटर जळाली, नवी टाकावी लागेल’ असं सांगितलं. मोटर खरंच गेली आहे का, आणि घरच्या घरी काय तपासता येईल?

माझं उत्तर आधीच सांगतो. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून पहिला संशय कपॅसिटरवर जातो, ज्याला आपल्याकडे बहुतेक मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. तो शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. नव्या मोटरला त्याच्या कित्येक पट पैसे जातात. मोटर जळाली असण्याची शक्यता अगदीच नाही असं नाही, पण बेल्ट काढून मोटर एकटी चालवून न बघता आणि मल्टिमीटरवर (पुढे नुसतं मीटर म्हणतो) वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांचं, रीडिंग न घेता तसं कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. या दोन गोष्टी झाल्या नसतील तर मोटर बदलायला होकार देऊ नका.

आधी एक गोष्ट ताबडतोब थांबवा. मशीन चालू ठेवून टबात हात घालून चकती ढकलू नका. सात वर्षांच्या मशीनमध्ये खालचं सील झिरपत असण्याची शक्यता असते, मोटर ओली असू शकते, आणि टबात थोडं जरी पाणी असेल तर शॉक बसू शकतो. शिवाय चकतीने अचानक जोर घेतला तर बोटं सापडतात. ही चाचणी करायचीच असेल तर टब रिकामा आणि कोरडा ठेवा, पायात रबरी चप्पल घाला आणि कोरड्या लाकडी काठीने लांबून ढकला. तीही एकदाच. मोटर न फिरता घूं करत राहते तेव्हा ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि भराभर तापते. चांगली मोटर जळण्याचं हे एक मोठं कारण आहे. घरातली मंडळी ‘फिरेल, फिरेल’ म्हणत टायमर चालू ठेवतात आणि शंभर रुपयांचा दोष खरोखरच मोटरपर्यंत पोहोचतो. आठ-दहा सेकंदांत चकती हलली नाही तर बंद करा.

आणि मशीन उघडण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बरेचदा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं आढळतं. मग बटण बंद असलं तरी आतल्या वायरींत करंट जिवंत असतो.

आता ढकलल्यावर फिरते, याचा अर्थ काय ते बघू, कारण सगळं निदान त्यावरच उभं आहे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या दोन्ही मोटरी सिंगल फेजच्या इंडक्शन मोटरी असतात. घरातला २३० व्होल्टचा सिंगल फेज पुरवठा एकट्या वाइंडिंगला दिला तर त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही. क्षेत्र नुसतं सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतं. एकाच दोरीला दोघांनी विरुद्ध बाजूंनी सारख्याच जोराने ओढावं तशी रोटरची, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाची, स्थिती होते: ताकद लागते, आवाज येतो, पण रोटर हलत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरं वाइंडिंग असतं आणि त्याला कपॅसिटरमधून पुरवठा दिला जातो. कपॅसिटरमुळे त्या वाइंडिंगमधला करंट वेळेत पुढे सरकतो, दोन वाइंडिंग मिळून फिरतं क्षेत्र तयार करतात आणि मोटर आपसूक सुटते. कपॅसिटर मेला की एक वाइंडिंग एकटं पडतं. अशा वेळी रोटरला बाहेरून कुठल्याही बाजूला धक्का दिला की त्या बाजूचा तोल जड होतो आणि मोटर त्याच दिशेने फिरत राहते, पण अर्ध्यामुर्ध्या ताकदीने. म्हणून रिकाम्या टबात फिरते, कपडे टाकले की थांबते. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

घरातल्यांना एक प्रश्न विचारून बघा. हे एका दिवसात झालं का, की आधी चादरी-जीन्सचा लोड घातला की थांबायची, मग नेहमीच्या कपड्यांनाही थांबायला लागली आणि आता पाण्यालाच थांबते? असा हळूहळू उतार असेल तर कपॅसिटरचीच खूण समजा. आतमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा थर असतो. व्होल्टेजच्या झटक्याने फिल्मला कुठे बारीक भोक पडलं तर तेवढ्या जागेचा धातू उडून जातो आणि कपॅसिटर स्वतःच सावरतो. पण प्रत्येक वेळी त्याची क्षमता थोडी कमी होते. वर्षानुवर्षं उष्णता आणि व्होल्टेजचे चढउतार सोसून दहा मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) कपॅसिटर आठ, सात, सहावर येतो. बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो. फुगलेला, चिरलेला, मेण गळालेला कपॅसिटर दिसला तर प्रश्नच मिटला, पण चांगला दिसतो म्हणून चांगला आहे असं धरू नका.

स्पिन चालतं ही मोलाची माहिती आहे. मशीनपर्यंत वीज येतेय आणि प्लग, मेन वायर, आतला न्यूट्रल हे सगळं ठीक आहे, हे त्यावरून घरबसल्या कळतं. मात्र ‘स्पिन चालतं म्हणजे कपॅसिटर चांगला’ असा निष्कर्ष काढू नका. वॉश आणि स्पिनला वेगवेगळा कपॅसिटर लागतो. काही मशीनमध्ये दोन सुटे असतात, काहींत एकाच डब्यात दोन्ही असतात आणि त्यावर १०+५ किंवा १२+६ असं छापलेलं असतं. त्यातला मोठा आकडा साधारणपणे वॉशचा. जोडीच्या कपॅसिटरमधला एक भाग मरून दुसरा ठणठणीत असणं नेहमीचं आहे.

तपासणीची सुरुवात मात्र सॉकेटपासून करा. वॉश चालू असताना त्याच बोर्डावर व्होल्टेज किती मिळतं ते मीटरने बघा. जमत नसेल तर वायरमनला बोलवा. या मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज चौथ्या हिश्शाने कमी झालेलं दिसतं, पण ताकद जेमतेम ५५ टक्के उरते. गावाकडे संध्याकाळी पंप आणि दिवे एकदम सुरू झाले की असं होतं, आणि सकाळी तेच मशीन बिनतक्रार चालतं. लांबलचक, बारीक तारेची एक्स्टेंशन वापरत असाल तर ती काढून मशीन थेट सॉकेटला लावून बघा. वेळेनुसार बिघाड कमी-जास्त होत असेल तर मशीन उघडण्यात अर्थ नाही.

व्होल्टेज ठीक आहे, आता प्लग काढून चकती हाताने फिरवा. ती दोन्ही बाजूंना सारख्या जोराने, न अडकता फिरली पाहिजे. गिअर बॉक्सच्या मशीनमध्ये जरा जड लागेल, ते चालतं. खटखट अडकणं किंवा एकाच जागी घट्ट होणं चालत नाही. तसं होत असेल तर मधला स्क्रू काढून चकती वर उचला. ती बसली असेल तर मध्यावरून मजबूत दोरी दोन्ही बाजूंनी खाली घालून सरळ वर ओढा, स्क्रू-ड्रायव्हरने कडेला उचकटू नका, टबाला चीर जाते. चकतीखाली काय काय निघतं! ब्लाउजचे हूक, सेफ्टी पिना, नाणी, शर्टाची बटणं, आणि साबणाच्या साक्यात गुंडाळलेले केस आणि धागे. एखादं नाणं उभं राहून चकती आणि टबाच्या तळाच्या मध्ये रुतलं तर मोटर अगदी असाच घूं आवाज करते. अशा नाण्याने चकतीच्या खालच्या बाजूला गोल चकचकीत चर पाडलेली असते. ती चर दिसली की कारण सापडलं समजा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थरही शाफ्टभोवती, म्हणजे चकती ज्या दांड्यावर बसते त्याच्याभोवती, साचतो, तोही खरवडून काढा.

इथे काही सापडलं नाही तर मागचं झाकण उघडायचं. टबातलं पाणी पूर्ण काढा, मशीन भिंतीपासून पुढे घ्या, स्क्रू काढा. आत हात घालण्याआधी मोबाइलवर वायरींचे दोन-तीन स्पष्ट फोटो काढा, कारण रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक कंपनीचे आणि कधी कधी त्याच कंपनीच्या दोन मॉडेलचे रंग वेगळे असतात. उघडल्यावर पहिल्यांदा नुसतं बघा आणि वास घ्या. मोटरच्या वर टबाच्या बाजूने तांबूस पाण्याचे ओघळ दिसतात का? दिसत असतील तर शाफ्टचं सील गळतंय. ते न बदलता नवी मोटर बसवली तर तीही भिजणार. काळी रबरी भुकटी पडली असेल तर बेल्ट घासतोय. आणि वायरींवर उंदरांचे दात बघा. बऱ्याच सेमी मशीनचा तळ उघडा असतो, उंदीर थेट मोटरजवळच्या उबेत घर करतो. कपॅसिटरची एक वायर उंदराने तोडली तरी लक्षण हेच, ‘घूं’. तेव्हा नवीन काहीच घ्यावं लागत नाही. वायर जोडून नीट इन्सुलेट करायची आणि तळाला जाळी लावायची.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी: बेल्ट काढा. मोटरची छोटी पुली आणि चकतीच्या शाफ्टची मोठी पुली यांच्यामधला हा बेल्ट मोठी पुली हळूहळू फिरवत एका कडेने उतरवता येतो. तो निघाला की मोटर आणि भार वेगळे झाले. मोठी पुली हाताने फिरवा. ती घट्ट असेल तर दोष गिअर बॉक्समध्ये किंवा शाफ्टच्या बुशात, म्हणजे शाफ्ट ज्या छोट्या नळीत फिरतो तिच्यात, आहे. पाणी शिरून बुश गंजलेला असतो आणि मोटर बिचारी त्याच्याशी झगडत असते. नंतर मोटरची पुली दोन बोटांनी गरकन फिरवा. चांगली मोटर सोडल्यावर थोडी स्वतःहून फिरते आणि आवाज न करता थांबते. करकर, खरखर किंवा लगेच थांबणं म्हणजे बेअरिंग किंवा बुश गेला. शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. हाताला खेळ जाणवला तर झीज झाली आहे.

यानंतर बेल्ट न लावता, वायरी कशालाही टेकत नाहीत आणि हत्यारं बाहेर आहेत याची खात्री करून, दूर उभं राहून प्लग लावा आणि वॉशचा टायमर काही सेकंद चालवा. मोटर एकटीसुद्धा सुटत नसेल तर दोष कपॅसिटर, टायमर, वायरिंग किंवा मोटर यांच्यातच आहे. ती मोकळी छान पळते आणि बेल्ट लावला की अडते, असं असेल तर यांत्रिक भाग किंवा उतरलेला कपॅसिटर, या दोनपैकी एक. मोठी पुली हलकी फिरत असेल तर कपॅसिटरच. अर्ध्या-पाऊण तासाच्या या कामाने निम्मा गोंधळ मिटतो.

मोटर कशी फिरते ते ऐकायलाही शिका. वॉशमध्ये मोटर थोडा वेळ एका दिशेला, मग क्षणभर थांबून दुसऱ्या दिशेला फिरते. ही अदलाबदल टायमरमधले कॉन्टॅक्ट करतात. कपॅसिटर मेला तर दोन्ही वळणांवर घूं ऐकू येतं. एका वळणाला व्यवस्थित फिरते आणि दुसऱ्या वळणाला पूर्ण शांतता, आवाजसुद्धा नाही, असं असेल तर कपॅसिटर आणि मोटर दोन्ही चांगली आहेत. टायमरचा त्या बाजूचा कॉन्टॅक्ट काळा पडलाय किंवा त्याची वायर निघालीय. अशा मशीनमध्ये चांगली मोटर काढून नवी बसवली तरी दोष तसाच राहतो, आणि मग ‘नवी मोटरही खराब निघाली’ असं ऐकायला मिळतं. बऱ्याच मशीनमधला टायमर स्प्रिंगचा असतो, वीज नसतानाही टिकटिक चालतो. त्यामुळे प्लग काढून, मोटरच्या वायरी सोडवून, मीटरच्या कंटिन्यूटीवर (वायर जोडलेली आहे की तुटलेली हे दाखवणारी सेटिंग) तो कोणत्या वायरीला कधी जोडतो हे शांतपणे बघता येतं.

आता कपॅसिटर. त्यात साठलेला चार्ज सहसा मोटरच्या वाइंडिंगमधूनच उतरतो, कारण दोघं एकमेकांना जोडलेले असतात. पण कुठे वायर तुटलेली असेल तर चार्ज आत राहतो, आणि आपण तेच शोधायला बसलो आहोत. त्यामुळे हात लावण्याआधी तो उतरवायचाच. जुना तारेचा पिवळा बल्ब होल्डरला लावून त्याच्या दोन वायरी कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय चांगली नाही. टोकं खराब होतात, आणि दचकून हात मागे घेताना पत्र्याच्या धारेवर कापतो.

कपॅसिटर मोजायची सोय असलेला डिजिटल मीटर हवा. निदान एक वायर सर्किटमधून सोडवूनच मोजा, नाहीतर वाइंडिंगमुळे रीडिंग चुकीचं येतं. वर १० मायक्रोफॅरड, ±५ टक्के छापलं असेल तर ९.५ ते १०.५ च्या मध्ये आकडा आला पाहिजे. ९ च्या खाली आला की मी बदलतो. ६-७ आला तर तुमच्या मशीनचं लक्षण तंतोतंत त्याचंच. कपॅसिटर थेट मेन लाइनला लावून ठिणगी बघण्याची पद्धत घरी अजिबात करू नका. त्यात तो फुटू शकतो आणि क्षमता किती उरली हे कळतही नाही. मीटर नसेल तर कपॅसिटर काढून इलेक्ट्रिकलच्या दुकानात न्या, बरेच दुकानदार मोजून देतात.

नवा घेताना तोच मायक्रोफॅरडचा आकडा आणि ४४० व्होल्ट एसी, मोटर चालवण्यासाठीचा म्हणजे ‘रन’ प्रकारचा घ्या. पंख्याचा अडीच-चारचा कपॅसिटर चालत नाही. ‘थोडा मोठा टाकू, जोर येईल’ हा सल्लाही मानू नका. आकडा वाढला की दुसऱ्या वाइंडिंगचा करंट वाढतो, मोटर जास्त तापते आणि उन्हाळ्यात दुपारी दोन लोड लागोपाठ घेतले की तो जास्तीचा ‘जोर’ वाइंडिंगला सोसत नाही. २५० व्होल्टचा कपॅसिटरही नको. मोटर चालू असताना कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घरच्या पुरवठ्यापेक्षा बरंच वर जातं, म्हणून ४४० लागतात. जोडीचा कपॅसिटर मिळाला नाही तर दोन सुटे लावले तरी चालतात, फक्त फोटो बघून कोणती वायर सामाईक आहे ते पक्कं करा.

कपॅसिटर चांगला निघाला तर मोटरचं वाइंडिंग मोजायचं. मोटरमधून तीन वायरी येतात, शिवाय एखादी हिरवी अर्थिंगची. तिन्हींचं कनेक्शन सोडवा, मीटर २०० ओहमवर ठेवा आणि दोन-दोन वायरींच्या तीन जोड्या मोजून कागदावर लिहा. सगळ्यात मोठा आकडा ज्या दोन वायरींमध्ये येतो ती दोन टोकं, उरलेली तिसरी सामाईक. वॉशची मोटर दोन्ही दिशांना सारख्याच ताकदीने फिरायची असते, म्हणून तिची दोन्ही वाइंडिंग सारखी असतात. उदाहरणार्थ २२, २२ आणि ४४. तुमच्या मोटरचे आकडे वेगळे असतील, पण नातं हेच हवं: दोन समान आणि तिसरा त्यांची बेरीज. स्पिनच्या मोटरला हा नियम लावू नका, तिची दोन वाइंडिंग मुळातच वेगळी असतात. तिथे असमान आकडे बघून मोटर खराब ठरवणं चूक आहे.

वॉशच्या मोटरमध्ये २२ आणि १५ आले तर एका वाइंडिंगमधले काही वेढे आतल्या आत शॉर्ट झाले आहेत. अशी मोटर कधी फिरेलही, पण काही मिनिटांत तापून वास सोडेल. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल तर वाइंडिंग तुटलंय. पण सगळ्याच जोड्यांत सामाईक वायरीकडून काही दिसत नसेल तर जरा थांबा. बऱ्याच मोटरींत वाइंडिंगमध्येच थर्मल प्रोटेक्टर असतो, मोटर तापली की तो उघडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडला जातो. मोटर तासभर गार होऊ द्या आणि परत मोजा. नुकतीच तापलेली मोटर मोजून ‘ओपन आहे’ म्हणणं हीसुद्धा नेहमी होणारी घाई आहे.

त्यानंतर मोटरच्या लोखंडी बॉडीवरचा रंग थोडा खरवडून, मीटर सगळ्यात मोठ्या ओहमवर ठेवून, प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात मोजा. काहीच दिसता कामा नये. आकडा येत असेल तर करंट बॉडीत उतरतोय. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर अशा मशीनने तो पडतो. नसेल तर ओल्या फरशीवर उभं राहून मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. हे लक्षण असेल तर कपॅसिटर-बेल्ट सगळं बाजूला ठेवा आणि दुरुस्तीपर्यंत मशीन वापरू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, नुसत्या दमट हवेनेही वाइंडिंगचं इन्सुलेशन उतरतं. मोटर काढून दोन दिवस कडक उन्हात किंवा जवळ साधा पिवळा बल्ब ठेवून वाळवली की ती परत पूर्ववत होऊ शकते. अशा मोटरची शेवटची परीक्षा मेगरवर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर, करून घ्या, साधा मीटर कमी व्होल्टेजवर मोजतो आणि कमजोर इन्सुलेशन त्याच्या नजरेतून सुटतं.

एक दोष मात्र वाइंडिंगच्या आकड्यांतही सापडत नाही. कपॅसिटर नवा, तिन्ही रीडिंग बरोबर, बेल्ट काढलेला, वीज बंद असताना पुली लोण्यासारखी फिरते, आणि वीज दिली की मोटर घूं करून जागच्या जागी खिळते. हा झिजलेल्या बुशाचा प्रताप. रोटर आणि बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर यांच्यात अगदी बारीक फट असते. बुश झिजला की वीज देताच चुंबकीय ओढीने रोटर एका बाजूला खेचला जातो आणि स्टेटरला चिकटतो. वीज गेली की मोकळा. मोटर उघडली की रोटरवर एका बाजूला घासून चकाकलेला पट्टा दिसतो. बुश किंवा बेअरिंग बदलून मोटर वाचते, वाइंडिंगला हात लावावा लागत नाही.

सगळं करून कपॅसिटरच दोषी निघाला, आणि तसंच होईल असं मला वाटतं, तर नवा बसवल्यावर लगेच कपडे भरू नका. आधी बेल्टशिवाय दोन्ही दिशा बघा, मग बेल्ट चढवून रिकाम्या टबात, मग पाण्यासह, शेवटी कपड्यांसह. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटीमीटर आत जावा. जास्त ताणला तर बुश खातो, सैल राहिला तर घसरतो. मोटरच्या नटांच्या लांबट भोकांत मोटर सरकवून हा ताण जमवता येतो. पंधरा मिनिटांचं पूर्ण वॉश झाल्यावर प्लग काढून मोटरला हात लावा: गरम लागेल, पण जळका वास येता कामा नये.

तुमचं मशीन सेमी आहे म्हणून वरचं सगळं लागू पडतं. हेच वाचून कुणी फ्रंट लोड उघडायला बसेल, म्हणून थोडं त्याबद्दल. बऱ्याच जुन्या फ्रंट लोडमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते, तिला हा कपॅसिटर नसतोच. तिथे ड्रम अजिबात फिरत नाही, किंवा कधी फिरतो कधी नाही, तेव्हा आधी ब्रश बघायचे. नवा ब्रश साडेतीन-चार सेंटीमीटरचा असतो. दीड सेंटीमीटरच्या खाली गेला की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि ठिणग्या उडतात. दोन्ही ब्रश जोडीनेच बदला. इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमध्ये, टॉप लोड असो की फ्रंट लोड, घरी कनेक्टर काढून-घालून गंज बघण्यापलीकडे जाऊ नका. त्या बोर्डावर प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशेच्या वर डीसी व्होल्ट उभे असतात.

आणि मोटर खरोखर गेलेली निघाली, म्हणजे वाइंडिंग काळं पडलंय, आकडे असमान आहेत किंवा बॉडीला लागलंय, तर दोन रस्ते आहेत. गावात चांगला वाइंडर असेल तर तांब्याच्या तारेत, मूळ गेज आणि तेवढेच वेढे ठेवून रिवाइंडिंग करून घ्या. नवी घ्यायची तर जुनी मोटर बरोबर न्या आणि शाफ्टची जाडी, लांबी, पायाची भोकं, वॅट आणि लेबलवरचा कपॅसिटरचा आकडा जुळवून घ्या. नव्या मोटरच्या लेबलवर १२ लिहिलं असेल आणि मशीनमध्ये १० चा कपॅसिटर असेल तर तोही बदलावा लागतो. वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं हे दुकानदाराला स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. स्वस्त मोटरींत ॲल्युमिनियम असतं, ते वजनाला हलकं लागतं आणि तेवढ्याच तारेत जास्त तापतं. मेकॅनिकला बोलावलंत तर बेल्ट काढून मोटर चालवून दाखवायला आणि तिन्ही रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला सांगा. काम जाणणारा माणूस त्याला कधीच नाही म्हणत नाही. जुना काढलेला भाग मात्र घरीच ठेवून घ्या.